बर्फातली सुरंगी

पार्वतीने सुरंगीच्या सात बिया बर्फात ठेवल्या, त्या काही वाईट बुद्धीने नाही. उलट जिवापाड जपायच्या म्हणूनच ठेवल्या. कोळणीच्या घरात जे जे जपायचं ते बर्फात जातं. पापलेट बर्फात, कोळंबी बर्फात, सुनेच्या डोहाळजेवणाच्या वेण्या बर्फात. एवढंच काय, लेकाचा, कृणालचा अंगठा कोयत्याने कापला तेव्हा त्याचा अख्खा पंजाच तिने आधी बर्फात खुपसला आणि मग त्याला घेऊन डॉक्टरकडे पळाली. अंगठा वाचला. मग बिया का नाही वाचणार? थर्माकोलच्या डब्यात खाली फोडलेला बर्फ, मध्ये पिशवीत बिया, वर पुन्हा बर्फ. असे चार दिवस. झाकणावर दगडसुद्धा ठेवला, कारण मांजरांचा काही भरवसा नाही.

बाईने केलं ते मनापासून केलं. खोटं बोलली ते मात्र नंतर, आणि गोष्ट खरी तिथून बिघडली.

गोराईच्या कोळीवाड्यात, जेट्टीवरून चार पावलं वर चढलं की आईचं देऊळ लागतं. देवळाच्या उजव्या हाताला ही सुरंगी उभी होती. मार्च लागला की फांद्यांना अगदी लगटून पांढरट फुलं यायची आणि वाड्याला असा वास सुटायचा की वळईच्या बांबूंवर वाळत घातलेले बोंबीलही त्यापुढे गप्प बसायचे. ज्याने बोंबलांचा वास घेतलाय त्यालाच हे किती मोठं ते कळेल. तळकोकणात सुरंगी आहे, पण इथे दहिसरपासून अंधेरीपर्यंत शोधत फिरलात तर पायांचे तुकडे पडतील आणि हाताला काही लागणार नाही. पार्वतीच्या सासूने कुठूनशी बी आणून ती रुजवलेली. शिमग्याला सुरंगीचा पहिला हार होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेला, दुसरा आईला, मग उरलेली फुलं वाड्यातल्या सुनांच्या केसांत. तो पहिला हार ओवायचा मान सासूचा होता. सासूने मरायच्या आधी सुई-दोरा पार्वतीच्या हातात दिला, त्यालाही आता तीस वर्षं झाली. पार्वतीचा नवरा गेला तेव्हा एकदोन बायकांनी नाकं मुरडली, की आता हिने हार ओवावा का. पार्वतीने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. विषय तिथेच संपला.

गेल्या मे महिन्यात अवकाळी वादळ झालं आणि सुरंगी मुळासकट आडवी झाली, जागेवर नुसता खड्डा उरला.

दुसऱ्या दिवशी माणसं कुऱ्हाडी घेऊन आली, तेव्हा पार्वती फांद्यांत शिरून फळं वेचत होती. बरीच कच्ची होती, बरीच चिरडलेली. पिकलेली, धड अशी आठ मिळाली. तिने ती फोडून बिया काढल्या. जाळ्यातला पहिला मासा आईचा, ही वाड्याची रीत. त्याच रीतीने पहिली बी तिने देवळात आईच्या पायाशी ठेवली आणि उरलेल्या सात पदरात बांधल्या.

संध्याकाळी कमिटीची बैठक बसली. कमिटीचा प्रमुख हरेश्वर, म्हणजे पार्वतीचा थोरला दीर. माणूस वाईट नव्हे, पण एकदा डोक्यात सिमेंट शिरलं की निघत नाही.

"झाड गेलं ते गेलं," तो म्हणाला. "तिथं आता शेड टाकू, खाली कोबा करू. लग्नाला, सणाला लोकं भिजतात."

"दादा, ती आयनं लावलेली सुरंगी," पार्वती म्हणाली. "तिच्याच जागी तिचंच रोप लावायचं. मी करतंय."

"लाव ना! कोन नको बोलतंय? पन रोप कुठं हाय?" हरेश्वरने सगळ्यांकडे बघून घेतलं. "ऐका रे. नारली पुनवेला दुपारी बारापर्यंत खड्ड्यात सुरंगीचं जितं रोप दिसलं, तर जागा सोडली. नाय दिसलं, तर त्याच दिवशी कोबा. मंग कोनी रडायचं नाय."

"नाय रडनार," पार्वती म्हणाली. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही.

कारण रोप करायचं कसं हे तिला कुठे ठाऊक होतं? तिला ठाऊक होता एक माणूस. विद्याधर कर्णिक. बोरिवलीच्या बाजारात पंचवीस वर्षं तिच्याच ओट्यावरून मासळी नेणारा, विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सोसायटीच्या गच्चीवर पिशव्यांमध्ये कसली कसली रानझाडं बियांपासून वाढवणारा. टेटू, पाडळ, सोनसावर. लोकांना नावंसुद्धा माहीत नाहीत अशी. मासळीपेक्षा त्या झाडांवरच जास्त बोलायचा, आणि पार्वती "हां, हां" करत खवलं काढायची. पण कर्णिक नेमके लग्नाला नाशिकला गेलेले, ते रविवारी यायचे. म्हणून ते चार दिवस बिया बर्फात.

रविवारी ते ओट्यावर आले. पार्वतीने सकाळीच बिया बर्फातून काढून पुसल्या होत्या. तिने त्यांच्या ओंजळीत ठेवल्या, तर कर्णिक आनंदाने लहान मूलच झाले.

"पार्वतीबाई, सुरंगी! अहो, कुठे मिळाल्या?"

"आमच्या देवलाची. तुला रोप करायला देतंय. नारली पुनवेच्या आत पायजे." कोळणीच्या जिभेवर 'तुम्ही' नसतंच, त्यात अपमान नाही, कर्णिकांना कधी वाटलाही नाही.

"करू की. मेहनत आहे, पण करू." बिया डोळ्यांजवळ नेऊन ते एकेक निरखायला लागले. "एक बरं झालं, तुम्ही लगेच आणल्यात. ही भातासारखी वाळवून ठेवायची जात नव्हे. ही पडली की रुजते, नाहीतर मरते. आणि गारठ्यात तर हमखास मरते. लोक हौसेने फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग माझ्याकडे येतात. तुम्ही नाही ना ठेवल्या फ्रीजमध्ये?"

समोर गिऱ्हाइकं उभी होती, बाजूच्या ओट्यावरची प्रेमा कान देऊन ऐकत होती.

"फ्रीजला हातपन लावला नाय," ती म्हणाली.

आता कोणी म्हणेल, हे खरंच होतं की. फ्रीज निराळा, बर्फाचा डबा निराळा. अहो, असलं खरं बोलण्यात आम्हीही पटाईत आहोत. ते खोट्याहून वाईट असतं, कारण ते पकडता येत नाही.

"गार लागतायत मात्र," कर्णिक म्हणाले.

"होडीवर पान्यात धुतल्या."

हे दुसरं. आणि दुसऱ्यानंतर माघारी फिरायची वाट बंद होते. तरी तिने स्वतःला समजावलं, चारच तर दिवस, सातांतली एखादी तरी निघेल. आई आहे ना वर.

जून लागला. मासेमारी बंद, होड्या शाकारून वर ओढलेल्या. पार्वती सुकी मासळी घेऊन उतारूंच्या होडीने खाडीपलीकडे बोरिवलीला जायची आणि जाताना कर्णिकांच्या तिसऱ्या मजल्यावर डोकवायची. पिशवीत सोडे किंवा जवळा, निमित्ताला. गच्चीच्या कोपऱ्यात सात काळ्या पिशव्या ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात आकडा. कर्णिकांनी वाळू चाळली होती, माती भाजली होती, नारळाचा भुसा तीनदा धुतला होता. वर गोणपाटाची सावली. दिवसातून दोनदा बोटाने ओल बघायची, मग पंपाने फवारा.

"अजून नाही," ते म्हणायचे. "पण सुरंगी संथ असते. दीड महिना तरी धरा."

पार्वती एकेका पिशवीत डोकावून बघायची. एकदा तर तिने तोंड उघडलंही. "शेट, ऐक ना..." तेवढ्यात कर्णिकांची बायको कुंदाबाई चहा घेऊन आल्या आणि कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "बघा बाई, तुमच्या बियांपायी ह्यांनी आमचं नागपूरचं जाणं रद्द केलं. लेकीने तिकिटं काढली होती, नातीचा पहिला वाढदिवस. म्हणे फवारा कोण मारणार!"

"अगं, वाढदिवस पुढच्या वर्षी येईल," कर्णिक म्हणाले. "ही बी पुढच्या वर्षी येणार आहे का? झाडच पडलंय."

पार्वतीने चहाचा कप हातातच धरला. आता कसं सांगायचं? नातीचा वाढदिवस बुडाला आणि बिया आधीच मेलेल्या, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तिने कप खाली ठेवला आणि होडी चुकेल म्हणून निघाली. त्या दिवशी होडी अर्ध्या तासाने होती.

जुलै निम्मा सरला तेव्हा कर्णिकांनी चार नंबरची पिशवी फोडली. पार्वती समोरच होती. बी काढून त्यांनी नखाने दाबली तर आत काळा चिखल. मग एक नंबर, मग सहा. तिन्हींचं तेच.

कर्णिक खाली बसले, तसेच मातीच्या हातांनी. "माझं चुकलं, पार्वतीबाई. पाणी जास्त झालं असणार. चाळीस वर्षं बिया लावतोय मी, आणि एवढं कळू नये? तुमची देवळाची बी मी कुजवली."

"नाय रं शेट..."

"नाही, नाही, कबूल करायला हवं. माझ्या हाताने वाट लागली. उरलेल्या चार आहेत, त्यांचं पाणी निम्मं करतो."

अहो, हीच वेळ होती बोलायची! माणूस समोर बसून तुमचं पाप आपल्या अंगावर ओढून घेतोय, आणि तुम्ही "नाय रं शेट" म्हणता आणि गप्प बसता? पण ती गप्प बसली. पंचवीस वर्षांत कर्णिकांनी कधी मासा हुंगून घेतला नव्हता. तिने ताजा म्हटला की ताजा. तो भरवसा तिला मोडवेना, आणि न मोडता ती तो रोज थोडा थोडा कुजवत होती.

घरी सून कल्पिताला कळलं की काहीतरी बिनसलंय. सासू जेवत नाही, खेकसते, झोपेत बर्फ बर्फ करते. कल्पिताने विचारलं, "आई, काय झालं?" तर पार्वती म्हणाली, "तुला काय करायचंय? तू सोडे नीट कर."

श्रावण आला. कर्णिकांच्या चारही पिशव्या मातीच्या मातीच राहिल्या. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हरेश्वरने खडी-सिमेंट मागवलं आणि भाड्याचा मिक्सर देवळासमोर आणून उभा केला. वाड्यातल्या बायका येताजाता खड्ड्यात डोकवायच्या आणि काही न बोलता पुढे जायच्या. पार्वतीला ते न बोलणं जास्त झोंबायचं.

त्या संध्याकाळी कृणाल घरात शिरला तो हातात एक रोप घेऊन. गुडघाभर उंच, जाड चकचकीत पानं.

"सुरंगी?" पार्वती उठूनच उभी राहिली.

"उंडी." त्याने आवाज खाली आणला. "नर्सरीतून आनली. पानं बघ, डिट्टो. काकाला काय घंटा कळतंय? उद्या लाव, जागा वाचव. मंग बघू."

"आनि फुलं येतील तवा?"

"तवाचं तवा. कोन जितं ऱ्हानार हाय तवापर्यंत?"

पार्वतीने पान चोळून हुंगलं. उंडीच होती ती. उंडीचं तेल सासरा होडीच्या फळ्यांना लावायचा. तो वास तिच्या नाकात होता. कोणाला कळलं नसतं. एकट्या कर्णिकांना कळलं असतं, पण ते बिचारे आधीच अपराधी. त्यांनी मान खाली घातली असती. तिने रोप मोरीत ठेवलं. कृणालला हो म्हणाली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

सकाळ उजाडली. वाडा सजला होता. होड्यांना पताका, बायका ठेवणीतल्या लुगड्यांत, ढोल वाजत होते. अकराला सगळे खड्ड्याभोवती जमले. हरेश्वर लाल टोपी घालून, हातात मोबाइल धरून वेळ बघत होता. बोरिवलीच्या होडीने कर्णिक आले होते, चार पिशव्या दोन्ही हातांना लटकवून. रिकाम्याच आहेत हे दाखवायला माणूस एवढ्या लांब आला होता. पार्वती उंडीचं रोप पदराआड धरून उभी होती.

"काय गो पार्वती," हरेश्वर म्हणाला. "रोप?"

तिने पदर बाजूला केला. गर्दीतून "आली, आली!" असा गलका झाला. कल्पिताने तर टाळीच वाजवली. हरेश्वरने वाकून पानं पाहिली, आणि त्याचा चेहरा बदलला. खरंच बदलला. म्हातारा हळूच म्हणाला, "आयची सुरंगी." आणि त्याने टोपी काढली.

तेवढं व्हायला नको होतं. तो वचावचा भांडला असता तर पार्वतीने ते रोप त्याच्या नाकावर टिच्चून लावलं असतं. पण त्याने टोपी काढली, तीही देवीच्या दारात, आपल्या मेलेल्या आईच्या नावाने. आणि पलीकडे कर्णिक उभे होते. त्यांनी पानं पाहिली होती, त्यांना कळलं होतं, आणि ते खरोखरच मान खाली घालून गप्प राहिले होते.

"दादा, टोपी घाल," पार्वती म्हणाली. "ही उंडी हाय. सुरंगी नाय."

ढोल थांबले.

"सुरंगी मी मारली. ह्या शेटने नाय, मी. चार दिस बर्फात ठेवल्या मी बिया. शेटने तोंडावर इचारलं आनि मी खोटं बोलली. तीन महिने बोलतंय. त्याच्या नातीचा वाढदिस बुडवला. माझ्या हातानं मेली आयची सुरंगी, आता काय बोलायचं ते मना बोला." तिचा आवाज चिरकला आणि ती रडायला लागली, भर वाड्यात, नारळी पौर्णिमेला. रडणार नाही म्हणाली होती ना? रडली.

उंडी आणणारा कृणाल तेव्हा तिथे नव्हताच. कर्णिकांनी पिशव्या खाली ठेवल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"बर्फात? अहो, पार्वतीबाई, बर्फात? मी तुम्हाला विचारलं होतं!"

"इचारलंस."

"महिनाभर मी स्वतःला शिव्या घालतोय!"

"घाल मना आता. आठ बिया दिल्या आईनं, पहिली तिच्या पायाशी ठेवली आनि बाकीच्या सात..."

"थांबा." कर्णिकांचा हात वर झाला. "पहिली कुठे ठेवली?"

"आईच्या पायाशी. रीतच हाय."

"म्हणजे ती बर्फात नव्हती?"

पार्वतीचं रडं जागच्या जागी थांबलं. नव्हती. ती बर्फात नव्हतीच! तीन महिने खोटं सांभाळण्यात बाईने सात बियांचा इतका घोर लावून घेतला, की आठवीचा विचारच तिच्या डोक्यात आला नाही. ती आत धावली. देवीच्या पायाशी फुलं, नारळ, हळदकुंकू. बी नाही.

"खंडू!" तिने देवळाच्या गुरवाला हाक मारली. "आईच्या पायाशी मे महिन्यात मी बी ठेवलेली. कुठं हाय?"

खंडू गांगरला. "मी दर मंगलवारी सगलं उचलून निर्माल्यात टाकतो. मना काय ठावं बी का काय?"

"निर्माल्याचं पिंप कुठं हाय?"

हे विचारताना तिला उत्तर माहीत होतं. वर्षभराचं निर्माल्य या वाड्यात कचऱ्यात जात नाही. देवळामागच्या निळ्या पिंपात साठतं आणि नारळी पौर्णिमेला, मिरवणुकीच्या आधी, खाडीच्या तोंडाशी नेऊन सोडतात.

"कृणाल घेऊन गेला," हरेश्वर म्हणाला. "होडीवर. पाच मिनिटं झाली."

पार्वती पळाली. साठीला टेकलेली बाई, नऊवारीचा काष्टा, गुडघेदुखी, आणि तरी ती जेट्टीपर्यंत अशी पळाली की मागून येणाऱ्या पोरींना गाठता आली नाही. कल्पिता फोन लावत होती. इंजिनच्या धडधडीत तो कोण ऐकतो? होडी खाडीत शिरली होती. कृणाल आणि दुसरा गडी पिंपाला हात घालून उभे होते. पिंप कलंडलं. वरची झेंडूची फुलं, दुर्वा, नारळाच्या शेंड्या भसाभस पाण्यात पडायला लागल्या.

पार्वतीने पोटातून हाक घातली. चाळीस वर्षं बाजारात ओरडून कमावलेला तो गळा. "कृणा–ल! पिंप सोड! उभं कर! तुझ्या बापाची शप्पत, उभं कर!"

समोरच्या तीरावर बोरिवलीच्या होडीला उभ्या असलेल्या लोकांनीही माना वळवल्या. कृणालने दचकून पिंप उभं केलं. निम्मं रिकामं झालं होतं.

"गेली," हरेश्वर मागे येऊन धापा टाकत म्हणाला. "गेली आता."

"नाही," कर्णिक म्हणाले. त्यांचीही दमछाक झाली होती. "मे महिन्यातली आहे ना? मग खालच्या कुजलेल्या थरात असणार."

होडी परत लागली. चौघांनी पिंप जेट्टीवर उतरवलं आणि हळूच आडवं केलं. पिंप पूर्वी मासळी धुवायचं, तळाला भोकं असलेलं. त्यामुळे पाणी साठलं नव्हतं, नुसती काळी, ओली, गरम कुजकी माती झाली होती. वास असा की खुद्द कोळ्यांनी नाकाला पदर लावले. पार्वती मांडी घालून बसली आणि बोटांनी चाळायला लागली. मासळीतून काटा वेचणारी बोटं ती. सुपारी निघाली, फेकली. बदाम निघाला, फेकला. खारीक, करवंटी, कोणाचीशी अंगठी. कर्णिक तिच्यासमोर उकिडवे बसून दुसऱ्या बाजूने चाळत होते. वर ऊन कडक, कोण्या पोरीने छत्री धरली.

पार्वतीचा हात थांबला. "शेट. हात नको लावू. बघ."

बी उकलली होती. खाली बोटभर लांब, जाड मूळ मातीत शिरलेलं, वर वाकडा, फिकट, सूर्य न पाहिलेला कोंब, आणि त्याच्या टोकाला मिटलेली दोन इवलीशी तांबूस पानं.

कर्णिकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सुरंगी," ते म्हणाले.

कल्पिताने सासूच्या खांद्यावर हात ठेवला. कृणालला काहीच कळलं नव्हतं, तो गोंधळून म्हणाला, "आई, ऊन लय हाय. वरती नेईपर्यंत बर्फ आनू का?" तेव्हा पार्वतीने चिखलाच्या हातानेच त्याला एक सणसणीत धपाटा घातला, आणि अख्खी जेट्टी हसली.

हरेश्वर हसला नाही. त्याने मोबाइल बघितला. "बाराला पाच हायत. पन मी रोप बोललेलो. जितं रोप. हे रोप हाय का, सांग तू."

पार्वतीने कोंबाकडे बघितलं. हो म्हणणं एका शब्दाचं काम होतं.

"नाय," ती म्हणाली. "कोंब हाय. जगंल का, ते पन ठावं नाय. तुला काय करायचं ते कर, दादा. मी आता खोटं बोलनार नाय."

म्हाताऱ्याने मोबाइल खिशात घातला. मग वर देवळाकडे तोंड करून मिक्सरवाल्याला ओरडला, "ए! चौकोन सोड झाडाला. चार बाय चार."

"चार?" पार्वती ताडकन उठली. डोळ्यांत अजून पाणी होतं, पण समोर सौदा आला की कोळीण रडत बसत नाही. "चारात तुझी तुलस लाव. दहा पायजे."

"दहा! मंग शेड कुठं घालू, डोक्यावर? पाच."

"आठ. आठ बिया होत्या."

"सहा. शेवटचं."

"सात," पार्वती म्हणाली. "मेल्या तेवढ्या तरी सोड."

हरेश्वरने मिक्सरवाल्याला सात बोटं दाखवली. सात ठरले.

कर्णिकांनी मातीच्या गोळ्यासकट कोंब उचलून केळीच्या पानावर घेतला. मिरवणूक निघायची ती आधी ह्या कोंबाची निघाली, जेट्टीवरून वर, ढोलासकट. खड्ड्याशी आल्यावर त्यांनी पान पार्वतीपुढे धरलं. "घ्या. तुमचा मान."

पार्वतीने आपल्या हातांकडे बघितलं. मग कल्पिताला पुढे ढकललं.

"तू लाव."

"मी? आई, सासूने तुम्हाला दिलेला..."

"मी पन सासूच हाय ना आता? देतंय तुला. फुलं यायला बारा-पंधरा वर्सं लागतील म्हनतो शेट. तवा पहिला हार तू ओवायचा. मी असली तर बघंन, नसली तर बोंबील खात बसंन वरती. लाव गो, टाइम नको घालवू."

कल्पिता गुडघ्यांवर बसली. कर्णिक तिला सांगत होते, मूळ वाकवू नका, बी अर्धी वर राहू द्या, पाणी ओंजळभरच. मध्येच त्यांनी मागे वळून पार्वतीला विचारलं, माती थोडी दाबायला येता का.

ती तीन पावलांवर उभी होती, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. तिने मान हलवली आणि ती तिथूनच बघत राहिली.